आठ आण्यांचं पोतं

धोंडशेटच्या बैलगाड्या चिपळूणहून घाट चढून पाटणला जात. भाडं माणसाला दोन रुपये, मालाच्या पोत्याला आठ आणे, तेही दारात पोचवून. माणसापेक्षा पोतं स्वस्त, याचं कुणालाच काही वाटत नसे.

द्वारकाला वाटलं. सात वर्षांत तिनं पाटणचं माहेर पाहिलं नव्हतं. आईच्या हातची ज्वारीची भाकरी स्वप्नात यायची, आणि आमसुलं विकून गाठीला जमले होते जेमतेम आठ आणे.

“शेट, मला पोतं म्हणून न्या,” ती म्हणाली.

गाडीतळावर हशा पिकला. शेटलाही गंमत वाटली. “चल! पण पोतं बोलत नाही. तोंड उघडलंस की दोन रुपये!”

द्वारका पोत्यांमध्ये मुकाट बसली.

घाटाच्या पायथ्याशी शेट नेहमीसारखा ओरडला, “बैल दमलेत! माणसं उतरा, चढ पायी चढा!”

दोन-दोन रुपयेवाले सगळे उतरले. द्वारका हलली नाही.

“ए बाई, कान फुटले का?”

ती गप्पच. उतारू हसू लागले, तसा शेट चिडला. “बोल एकदाची! नकोत मला दोन रुपये!”

“शेट, पोतं कधी आपणहून उतरलंय? खुशाल उतरवा. मग वर मात्र तुम्हीच वाहून न्यायचं.”

एवढं बोलून तिनं पुन्हा तोंड मिटलं. गाडी चढू लागली.

पाटणला शेट दारात खेकसला, “म्हातारे, तुझा माल उतरवून घे!”

समोर आई उभी होती, तरी द्वारका ओठ घट्ट मिटून बसली. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिला खाली घेतलं, तेव्हा कुठे ती बोलली.

“आई.”