झेलूची थरथर

समुद्रातले मासे माणसांच्या दिवाणखान्यात राहायला आले, त्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट.

वैजयंतीबाईंच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेंदरी नावाची दांडगी क्लाउनफिश जातीची मासोळी होती. तिच्याच मापाचा जोडीदार आणला, तर दोघांची इतकी जुंपली की त्याला फाटक्या परांनिशी परत न्यावं लागलं.

"अहो, आता लहानसा आणू या," बाई यजमानांना म्हणाल्या. "तरीही जमलं नाही, तर शेंदरीलाच दुसऱ्या कुणाकडे देऊन टाकू."

असा इवलासा झेलू टाकीत आला. समोर झुलणारं समुद्रफूल, क्लाउनफिशचं हक्काचं घर, बघून त्याला आनंद आवरेना. तो शेपटी हलवत थेट तिकडे निघाला, तोच शेंदरी बाणासारखी अंगावर आली.

झेलू पळाला नाही आणि भिडलाही नाही. तो कुशीवर कलला आणि अंगभर थरथरला.

"घाबरलास?" शेंदरीने विचारलं.

"थोडासा. पण थरथरतोय ते सांगायला, की मोठी तू, घर तुझं. मला फक्त तुझ्याजवळ राहायचंय."

शेंदरी थबकली. "ये मग आत," ती हळूच म्हणाली. झेलूने आनंदाने गिरक्यांवर गिरक्या घेतल्या.

पुढे शेंदरीने फुलाशेजारच्या दगडावर केशरी अंडी घातली. एकदा टाकीतला खेकडा अंड्यांकडे सरकला. शेंदरी धावणार, तेवढ्यात झेलूच त्याच्यावर असा तुटून पडला की खेकडा नांग्या आवरून पळत सुटला.

"तुला भांडता येतं?" शेंदरीने चकित होऊन विचारलं.

"येतं की," झेलू म्हणाला. "पण तुझ्याशी कशाला भांडायचं?"