हिरवं कडं, लाल कडं

एका गावात एक भोळा तपासनीस होता. आधी तो तपासनीस नव्हता, नुसताच भोळा होता.

गावाचं नाव नांदरगी. त्याचं नाव बाळगोंडा. वय पस्तीस. गावात आण्णा चौगुल्यांचा छोटा कारखाना होता. तिथं ट्रॅक्टरच्या मागं लावायच्या अवजारांचे दांडे बनत. साधे दांडे नव्हेत. दांड्याच्या अंगावर लांबीला सरळ दाते पाडलेले असत. तसल्याच खाचा आतून पाडलेल्या नळीत तो दांडा बसवायचा. मग दांडा फिरला की नळी फिरते, आणि ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचते. यालाच स्प्लाइन म्हणतात. नांदरगीत मात्र सगळे दात्याचा दांडाच म्हणत.

बाळगोंडाला आधी लेथवर उभं केलं. जमलं नाही. मग दाते पाडायच्या मशिनवर उभं केलं. तिथं मशिनलाच जमलं नाही. तेव्हा आण्णांनी त्याला तपासणीला बसवलं. ज्याला काही करता येत नाही त्यानं दुसऱ्यानं केलेलं तपासावं, ही पद्धत फार जुनी आहे.

तोवर कारखान्यात तपासणी म्हणजे वही भरणं. चहा पिता पिता दस्तगीर मिस्त्री रकाने भरून टाकत. दांडे नंतर बनत. पण या खेपेला एका मोठ्या कंपनीनं दोनशे दांड्यांचा नमुना मागवला होता. नमुना पास झाला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नापास झाला तर दिवाळीनंतर शटर खाली आणि सातही माणसं घरी. पुढच्या गुरुवारी कंपनीचे आठल्ये साहेब स्वतः बघायला येणार होते. कंपनीनं मखमलीच्या पेटीतून दोन कडी पाठवली होती. एक हिरवं, एक लाल.

आण्णा म्हणाले, "मिस्त्री, ह्या खेपेला खरं तपासायचं."

मिस्त्री म्हणाले, "खरं? मग नवा माणूसच बघा."

असा बाळगोंडा तपासनीस झाला.

मिस्त्रींनी त्याला कडी दाखवली. "हे बघ बाळू. दांडा धरायचा, कडं घालायचं. हिरवं गेलंच पाहिजे. लाल जाता कामा नये. हिरवं अडलं तर दांडा जाड. लाल गेलं तर दांडा बारीक. कळलं?"

"कळलं मिस्त्री. तसंच करतो."

आणि त्यानं तसंच केलं. पहिल्या दांड्यावर हिरवं कडं जाईना. दात्यांवर कापताना राहिलेली बारीक कुसं होती. कानस फिरवली असती तर निघाली असती. पण मिस्त्री म्हणाले होते, गेलंच पाहिजे. बाळगोंडानं तीन किलोचा घण आणला. कडं गेलं. असे दहा दांडे झाले. अकराव्यावर कडं अर्ध्यात गेलं आणि तिथंच राहिलं. ना पुढं, ना मागं.

मिस्त्रींचा अर्धा दिवस ते काढण्यात आणि कुसं कानसण्यात गेला. घाम पुसत ते म्हणाले, "अरं बाबा, जोर लावायचा नसतो! दांडा उभा धरायचा, कडं वर ठेवायचं. आपल्या वजनानं खाली गेलं तर ते खरं. जोर लावून गेलेलं सगळं खोटं."

"बरं मिस्त्री. पुढच्या खेपेला तसं करतो."

संध्याकाळी घरी गेला तर सोप्यात कासार बसलेला. दुसऱ्या दिवशी बाळगोंडाच्या मेव्हण्याचं लग्न होतं, आणि बायको चंपाबाई हिरव्या बांगड्या भरत होती. कासारानं तिचा हात चेपून धरला होता. चंपाबाई "आई गं, आई गं" करत होती.

"थांब!" बाळगोंडा ओरडला. "जोर लावायचा न्हाई. हात उभा धर. हिरवी आपल्या वजनानं गेली तर खरी."

कासार म्हणाला, "पावणं, बांगडी चेपूनच भरायची असते."

"जोर लावून गेलेलं सगळं खोटं. मी तपासनीस हाय."

कासारानं दोन मापं मोठ्या बांगड्या काढल्या. त्या आपल्या वजनानं गेल्या. बाळगोंडानं पास केल्या.

दुसऱ्या दिवशी मांडवात मंगलाष्टकं संपली. चंपाबाईनं भावावर अक्षता टाकल्या. अक्षतांबरोबर सहा बांगड्याही गेल्या. नवरदेवाच्या कपाळाला टेंगूळ आलं.

"अगं, मी पास केल्या होत्या. आपल्या वजनानं गेल्या," बाळगोंडा म्हणाला.

"आणि आपल्या वजनानं आल्या बी," चंपाबाई म्हणाली. ती तिथूनच माहेरी गेली आणि तिथंच राहिली.

शुक्रवारी दांड्यांना पाणी देऊन, म्हणजे भट्टीत तापवून कडक करून, टेम्पो परत आला. कारखान्यासमोर उतार आहे. ड्रायव्हर टेम्पो वर लावून चहाला गेला. जाताना म्हणाला, "बाळूदादा, जरा ध्यान ठेव."

बाळगोंडानं ध्यान ठेवलं. टेम्पो हळूच हलला. बाळगोंडा बघत राहिला. टेम्पोनं थोडा वेग धरला. बाळगोंडा बघत राहिला. टेम्पो उतार संपेपर्यंत गेला, वळणावर वळला नाही, आणि पाटलांच्या उकिरड्यात कानापर्यंत शिरला.

आण्णा धावत आले. "अरं, तू हितंच हुतास न्हवं?"

"हुतो की."

"मग धरला का न्हाईस? वरडायचं तरी!"

"आण्णा, कुणी जोर लावला न्हाई. आपल्या वजनानं गेला. म्हणजे खरा गेला."

दोनशे सहा दांडे शेणातून वेचायला दीड दिवस लागला. रॉकेलनं धुतले तरी वास गेला नाही. आण्णांनी डोक्याला हात लावला. "बाळू, आता नीट ऐक. एखादी वस्तू आपसूक सरकताना दिसली की बघत बसायचं न्हाई. धरायची. पाचर मारायची. घट्ट करायची. हलता कामा नये."

"बरं आण्णा. पुढच्या खेपेला तसं करतो."

सोमवारी दांडे नळ्यांत घालून जोड्या मांडल्या. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. शेतात ट्रॅक्टर वळतो तेव्हा ट्रॅक्टर आणि अवजार यांतलं अंतर कमी-जास्त होतं. म्हणून दांडा नळीत मागं-पुढं सरकावा लागतो. सरकला नाही तर मोडतो. सगळी करामत त्या सरकण्यातच आहे. मिस्त्रींनी आयुष्य त्यात घालवलं होतं.

मिस्त्री जेवायला गेले. बाळगोंडानं एक जोडी उचलली. दांडा आपसूक नळीतून सरकला.

त्यानं झटकन धरला.

दुसरी उचलली. तीही सरकली. तिसरी, चौथी. सगळ्याच सरकत होत्या. गुरुवारी साहेब येणार आणि मालाची ही तऱ्हा! त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही. सळीचे तुकडे केले आणि दात्यांच्या फटीत एकेक पाचर ठोकायला बसला.

मिस्त्री परत आले तेव्हा सव्वीस जोड्या झाल्या होत्या.

"मिस्त्री, काळजी करू नका. सगळा माल ढिला हुता. घट्ट केला. आता जन्मात हलायचा न्हाई."

मिस्त्री पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "या अल्ला." आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "पक्कड आण."

बावीस जोड्या वाचल्या. चार दांड्यांचे दाते गेले. सहा जास्तीचे केले होते म्हणून भागलं. पण मिस्त्री चहाला वळले तेवढ्यात कुणीतरी ते चार दांडे उचलून चांगल्या ढिगात ठेवले. मंगळवारचा सगळा दिवस ते चार शोधण्यात गेला.

सापडले तेव्हा मिस्त्रींचा आवाज बसला होता. त्यांनी ते चार दांडे बाळगोंडासमोर आपटले. "ऐक. बाद वस्तू चांगल्यात ठेवायची न्हाई. बाद झाली की लाल रंग मारायचा. रंग मारला की ग्राइंडरनं मधोमध कापायचं. दोन तुकडं झालं की कुणी चुकून वापरत न्हाई."

"बाद कुठली, ते कसं वळखायचं मिस्त्री?"

"जे बसत न्हाई ते बाद!" मिस्त्री खेकसले. "घाई करायची न्हाई. सगळ्यांवर लावून बघायचं. वहीत लिहायचं. मग कापायचं."

"बरं मिस्त्री. पुढच्या खेपेला तसं करतो."

बुधवारी बाळगोंडा सकाळी सातला बसला. कुणाशी बोलला नाही. दांडा धरायचा, हिरवं लावायचं, लिहायचं. लाल लावायचं, लिहायचं. दोनशे दांडे. हिरवं दोनशेवर गेलं. लाल एकावरही गेलं नाही. मिस्त्रींनी दुपारी वहीत डोकावून पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "शाब्बास," म्हणाले, आणि निर्धास्त घरी गेले.

संध्याकाळी ग्राइंडरचा आवाज बराच वेळ येत होता.

गुरुवारी आठल्ये साहेब आले. बारीक, चष्मेवाले, हातात कागदांची फाईल. त्यांनी नाक वर करून वास घेतला. "इथं गोठा आहे का जवळ?"

"शेजारी हाय साहेब," आण्णा म्हणाले.

साहेबांनी वीस दांडे निवडले. हिरवं कडं मागवलं. कडं आपल्या वजनानं खाली गेलं. वीसच्या वीस. आण्णा मिस्त्रींकडं बघत होते, मिस्त्री कड्याकडं. सातही माणसं मशिनं बंद करून भिंतीला टेकून उभी होती.

"छान," साहेब म्हणाले. "आता लाल आणा."

बाळगोंडानं ताटली आणली. ताटलीत स्वच्छ फडकं होतं. फडक्यावर लाल कड्याचे दोन तुकडे होते. दोन चंद्रकोरी.

साहेब ताटलीवर वाकले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"लाल कडं साहेब. बाद केलं."

"बाद केलं?"

"दोनशे दांड्यांवर लावून बघितलं. एकावर बी बसलं न्हाई. इतकं नापास कडं मी आजवर बघितलं न्हाई. हिरवं बघा की, पहिल्यापास्नं बसतंय."

मिस्त्री ओरडले, "अरं मुडद्या, लाल जाता कामा नये, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं न्हवं का!"

"ते पहिल्या दिवशी, मिस्त्री. परवा म्हणालात, जे बसत न्हाई ते बाद. बाद झालं की लाल रंग मारायचा. रंग मारायला गेलो तर आधीच लाल. मला वाटलं, माझ्या आधी कुणीतरी बाद केलं हुतं, नुसतं कापायचं ऱ्हायलंय. लई कडक हुतं. ग्राइंडरची तीन चाकं गेली."

आण्णा खाली बसले.

साहेबांनी वही मागितली. बाळगोंडाचं अक्षर मोठं आणि गोल होतं. दोनशे ओळी. दांडा एक, लाल लावलं, गेलं नाही. दांडा दोन, लाल लावलं, गेलं नाही. एकाही ओळीखाली 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं नव्हतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'दांडा एकशे सतरा, लाल लावलं, तेवढ्यात शिंक आली, म्हणून परत लावलं, गेलं नाही.'

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे सगळे तू खरंच तपासलेस?"

"म्हणजे? तपासल्याबगर कसं लिव्हायचं?"

साहेबांनी मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्रींनी छताकडं पाहिलं.

"वीस वर्षं मी कारखाने हिंडतोय," साहेब म्हणाले. "दोनशेतल्या दोनशे तपासणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला."

त्यांनी फाईल उघडली. कागदावर रकाना होता, 'लाल कडे गेले का?' साहेबांनी वही पाहून 'नाही' लिहिलं. खाली दुसरा रकाना होता, 'कड्याची अवस्था.' तिथं दोनच पर्याय होते, चांगली आणि झिजलेली. साहेबांनी दोन्ही चंद्रकोरी हातात घेऊन पाहिल्या आणि 'झिजलेली' वर खूण केली. मग सही केली, शिक्का मारला. नमुना पास झाला. वर्षभराचं काम आलं. शटर वरच राहिलं.

जाताना साहेब म्हणाले, "आण्णा, हा माणूस मला द्या. आमच्याकडं सगळे न बघता लिहितात. ह्याला मी गेजच्या खोलीत, मापाची कडी ठेवतात तिथं, बसवतो."

आण्णांनी विचार केला नाही. "आत्ताच न्या," म्हणाले. "मी पोरांना सांगतो, ट्रंक गाडीत ठेवतील."

बाळगोंडा गेला. चंपाबाईही माहेराहून परस्पर तिकडंच गेली. म्हणे कंपनीचं क्वार्टर चांगलं आहे.

वर्ष गेलं. एके दुपारी मिस्त्रींना त्याचा फोन आला.

"मिस्त्री, नमस्कार. तुमी शिकवलंत तसंच करतोय बघा."

मिस्त्रींनी हातातला चहा खाली ठेवला. "काय करतोयस बाळू?"

"हितं खोलीत तीनशे बारा लाल कडी हुती. सगळी बाद. एक बी कशावर बसत नव्हतं. आठ महिनं लागलं कापायला."

मिस्त्री बादली शोधून तिच्यावर बसले. "आणि दांडं? आता बारीक झालेला दांडा कसा वळखतात?"

"बारीक दांडा हितं असतच न्हाई मिस्त्री. मी आल्यापास्नं कंपनीत एक बी दांडा बाद झाला न्हाई."

"आणि कोण तुला काय बोललं न्हाई?"

"बोलले की," बाळगोंडा म्हणाला. "शाब्बास बोलले. परवा कंपनीला त्याबद्दल मोठी ढाल मिळाली. साहेब म्हणाले, हिच्यावर पहिला हक्क तुझा, जा, भिंतीवर काचेच्या कपाटात लाव. म्हणूनच फोन केला मिस्त्री. ढाल कपाटात बसत न्हाई. ग्राइंडर हातात घेऊनच बोलतोय."