मखमलीतली पिल्लं

त्या दिवशी सकाळी धुकं होतं, पण पातळ, ताकावरच्या निवळीसारखं. वारा नव्हता. आश्विनाचे दिवस. प्रवरेचं गढूळ पाणी खाली बसलं होतं आणि काठावरून वाकून बघितलं तर तळाचे गोटे दिसत होते. ऊन अजून डोंगराच्या पाठीमागंच होतं.

“बाई, माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा.”

दिगंबर पटवेकर बोलत होता. संगमनेरात त्याचं दुकान आहे. दागिने रेशमाच्या दोऱ्यात गाठवायचं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पटवेकराच्या हाताची गाठ भिंग लावून शोधली तरी सापडत नाही, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात ते त्यालाही ठाऊक होतं.

बाई म्हणजे एस्तेरबाई साळवे. माझं घर आणि त्यांचं घर, मध्ये एक कुंपण. बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथल्या एका डॉक्टरांना मासेमारीचा नाद होता, तो बाईंना लागला. नखाएवढा गळ घ्यायचा. त्यावर शेळीचे केस आणि चकाकती जर दोऱ्यानं अशी बांधायची, की पाण्यात ते माशाच्या बारक्या पिल्लासारखं दिसावं. आम्ही त्याला पिल्लूच म्हणतो. मग करंगळीहून बारीक, पिसासारखी हलकी काठी घ्यायची, तिची दोरी हवेत मागं-पुढं झुलवायची आणि पिल्लू लांब धारेत सोडायचं. मोठा मासा त्याला खायला येतो.

केस माझ्या बोकडाचे. त्याच्या दाढीला बाईंची कात्री इतक्या वेळा लागली आहे, की बाई दिसल्या की तो गोठ्यामागं जाऊन उभा राहतो.

मला शाळा नाही. बाईंनी ओसरीवर बसवून अक्षरं शिकवली, तेवढ्यावर हे लिहितो आहे.

तर पटवेकरानं विचारलं. बाई दगडावर बसून काठीला दोरी ओवत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू. ओवायचं काम बोटंच करत होती.

“दोन पावसाळे झाले, बाई. मी बांधून आणतो, तुम्ही बोटांनी चाचपता, हं म्हणता आणि परत देता. चांगलं झालंय असं एकदा म्हणाल की नाही?”

“मासा काय म्हणाला?”

“मासा…” पटवेकर थांबला. “मासा अजून लागला नाही.”

मला हसू आलं. मी बिडी पेटवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

“हसा, चिंधूबाबा,” तो मला म्हणाला. “तुमच्या बोकडाचे केस आहेत. दोष त्यांचाही असेल.”

“बोकडाला काही म्हणू नका,” मी म्हणालो. “त्यानं स्वतःची दाढी दिली आहे.”

पटवेकरानं पिशवीतून एक डबी काढली. दागिन्याची डबी, आत लाल मखमल. मखमलीवर पिल्लं ओळीनं निजवलेली. खरं सांगतो, मी इतकं देखणं काही कमी पाहिलं आहे. पोटाला जर अशी गुंडाळलेली, की वेढा कुठं संपतो ते कळू नये. डोळ्याच्या जागी मोहरीहून बारीक काळा मणी. केसाला केस लागून बसलेला, एकही वाकडा नाही.

“सगळा पावसाळा यात गेला,” तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. “दुकानात गिऱ्हाईक बसून राहायचं आणि मी आत हे करत असायचो. बायको म्हणते, लक्ष्मी दारात उभी आणि तुम्ही माशांना दागिने करता. आज तुम्ही चांगलं म्हणाला नाहीत ना बाई, तर ही डबी या पाण्यात सोडतो आणि घरी जातो. परत या काठाला येणार नाही.”

तो खरंच तसं करणार होता.

बाईंनी दोरी ओवून संपवली.

“मग सोड की,” त्या म्हणाल्या.

…

पटवेकर बघत राहिला.

“सोडायला कधीचं सांगते आहे,” बाई म्हणाल्या. “यांतलं एक तरी पाण्यात गेलं आहे का?”

“ही?” पटवेकरानं डबी छातीशी धरली. “ही नाही. ही खराब होतील. पाण्यासाठी मी दुसरी बांधतो. घाईची.”

“म्हणजे माशाला घाईची आणि मला मखमलीतली.”

बाईंनी हात पुढं केला.

“सगळ्यात चांगलं कोणतं?”

पटवेकरानं बोट फिरवत फिरवत एक उचललं. पांढऱ्या पोटाचं, पाठीवर काळी रेघ. त्यानं ते बाईंच्या तळहातावर असं ठेवलं, जसं नवं मूल आजीच्या हातात देतात.

बाईंच्या शेजारी पितळी पेला होता, चहा पिऊन विसळलेला. त्यात नदीचं पाणी होतं. बाईंनी पिल्लू त्या पाण्यात टाकलं.

“बाई…”

“बघ. मला नीट दिसत नाही. तू सांग कसं दिसतं.”

पटवेकर वाकला. मीही वाकलो. पेल्यात ते पिल्लू ताठ उभं होतं. हलत नव्हतं. केस इतके दाट, की पाणी आत शिरायला जागा नव्हती.

“कसं दिसतं?”

“…दाढीच्या ब्रशासारखं,” पटवेकर हळूच म्हणाला.

बाईंनी ते बाहेर काढलं. दवाखान्यातला जुना चिमटा त्यांच्या पदराला अडकवलेला असतो, जखम शिवताना शीर धरायचा. त्यात त्यांनी गळ धरला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी केस उपटायला लागल्या. थोडे. आणखी थोडे. पटवेकर प्रत्येक वेळी खांदे आवळायचा, जणू त्याचेच केस.

“निम्मं अंग गेलं त्याचं,” तो म्हणाला.

“निम्मं गेलं असतं तर तुझ्या तोंडून शब्द निघाला नसता.”

आणि त्यांनी आणखी उपटले.

मग त्यांनी ते आपल्या काठीच्या दोऱ्याला बांधलं, गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केला आणि काठी पटवेकराच्या हातात दिली. ही काठी बाई कोणाच्या हातात देत नाहीत. पटवेकराला हे माहीत होतं. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

“त्या खडकाच्या मागं, धार मोडते तिथं. आणि ओढताना असं ओढ, जणू त्याला पोहता येत नाही.”

“कोणाला?”

“पिल्लाला.”

पटवेकर गुडघाभर पाण्यात उतरला. पहिल्यांदा दोरी त्याच्याच टोपीत अडकली. दुसऱ्यांदा मागच्या करंजाच्या झाडात. मी जाऊन सोडवून आलो. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. झाडापेक्षा पिल्लाची काळजी.

“फांदी मोडा चिंधूबाबा, पण त्याला ओढू नका.”

मी फांदी मोडली नाही. पिल्लू सोडवलं.

मग एकदा दोरी नीट गेली. पिल्लू खडकामागं टेकलं, बुडालं. त्यानं थोडं ओढलं, थांबला. थोडं ओढलं, थांबला.

काठी वाकली.

एवढी वाकली, की टोक पाण्याला लागलं. पटवेकर आपला पाण्यात उभा, डोळे मोठे करून. तेवढ्या हलक्या काठीला वीतभर मासाही म्हशीसारखा ओढतो. खडस होता, पिवळ्या खवल्यांचा, धारेच्या उलटा जाणारा. खाली गेला, वर आला, परत खडकाकडं गेला.

“हात ओले कर आधी,” बाई काठावरून म्हणाल्या. त्यांना दिसत नव्हतं, पण दोरीचा आवाज कळत होता. “कोरड्या हातानं धरू नको. त्याची कातडी जाते.”

पटवेकरानं हात ओले करून मासा धरला, गळ काढला. मासा त्याच्या ओंजळीत क्षणभर थांबला आणि गेला. मी असतो तर भाकरीबरोबर खाल्ला असता. पण धरलेला मासा सोडायचा, असा बाईंचा नेम आहे, त्यामुळं बोललो नाही.

“लागला,” पटवेकर म्हणाला. कोणाला म्हणाला देव जाणे. “लागला.”

मग त्यानं पिल्लाकडं बघितलं.

जर तुटून लोंबत होती. एका बाजूचा मणी गेला होता. पाठीवरची काळी रेघ मध्येच खाऊन टाकलेली. पटवेकर पाण्यातून बाहेर आला आणि डबी शोधायला लागला.

“काय करतोस?”

“ठेवतो, बाई. आता हे… जपून ठेवायला पाहिजे. पहिलं आहे.”

“डबी चिंधूभाऊंकडं दे,” बाई म्हणाल्या. “आणि परत टाक.”

“याचं आता काही राहिलं नाही.”

“परत टाक.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डबी घेतली आणि धोतराच्या सोग्यात ठेवली. मला त्याची दया आली, पण बाईंपुढं माझं काय चालणार.

तो परत पाण्यात गेला.

दिवस असाच गेला. ऊन डोंगरावरून उतरून नदीत आलं. मी घरी जाऊन शेरडं सोडली, भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आलो. तिघांनी दगडावर बसून खाल्ली. पटवेकराचं अर्धं लक्ष पाण्याकडं. घास तोंडाशी नेऊन तो थांबायचा आणि म्हणायचा, “तिथं काहीतरी फिरलं.” बाई म्हणायच्या, “आधी गिळ.”

मग तो पुन्हा उतरला. मासे लागले, सुटले, काही नुसतेच चावून गेले. प्रत्येक माशानं पिल्लाचं काहीतरी नेलं. कोणी केस, कोणी जर. पटवेकर सुरुवातीला दर वेळी पिल्लू उचलून बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. नंतर बघायचा विसरला. दुपार कलल्यावर तर मी त्याला गाणं गुणगुणताना ऐकलं. कसलं, ते कळलं नाही. सुरात नव्हतं.

सूर्य मावळायला आला तेव्हा तो काठावर आला. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, नाक लाल झालेलं. त्यानं दोरा तोडला आणि पिल्लू बाईंच्या हातावर ठेवलं. सकाळसारखं ठेवलं नाही. सहज ठेवलं, चण्याचा दाणा द्यावा तसं.

आता त्याला पिल्लू कोण म्हणणार. चार-दोन केस, जरीचा एक धागा, एक मणी. गळ तेवढा शाबूत.

बाईंनी ते बोटांत धरलं. पुढून मागं, मागून पुढं चाचपलं. पेल्यातल्या पाण्यात सोडलं आणि पेला जरा हलवला. मी वाकून बघितलं. ते चार केस पाण्यात श्वास घेतल्यासारखे उघडले, मिटले, उघडले.



…

“चांगलं बांधलं आहेस,” त्या म्हणाल्या.

पटवेकरानं टोपी काढली, ते ओलं पिल्लू टोपीला टोचलं, टोपी घातली. बाईंच्या पायांना हात लावायला वाकला, तशा बाईंनी पाय मागं घेतले आणि म्हणाल्या, “शेवटची एसटी जाईल. आणि पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन ये.”

“ती तुमच्याशी भांडायलाच येईल, बाई.”

“येऊ दे. भाकरी देऊ.”

तो पायवाटेनं चढून गेला. वळणावर त्याची टोपी दिसली, मग तीही गेली.

तेव्हा मला सोग्यातली डबी आठवली. मी हाक मारली. तो लांब गेला होता. संबंध पावसाळा त्या डबीत होता आणि तो तिच्याशिवाय गेला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “येईल.”

मी काठी आणि पेला घेतला, बाईंनी माझा दंड धरला आणि आम्ही घराकडं निघालो. माझा बोकड कुंपणाशी उभा होता. बाई दिसल्या तसा गोठ्यामागं गेला.

फाटकाशी आल्यावर माझ्यानं राहवलं नाही.

“बाई, एक विचारू? पिल्लू तर सकाळचंच होतं. उलट सकाळी ते किती सुंदर होतं. मग त्या बिचाऱ्याला सकाळीच का नाही म्हणालात, चांगलं बांधलंस म्हणून?”

बाईंनी फाटकाची कडी चाचपून शोधली, काढली, आत गेल्या. मग वळल्या.

“सकाळी ते बांधून कुठं झालं होतं, चिंधूभाऊ?”