काळी झिलई

त्या मुलखात बारमाही बर्फ होतं आणि ऊब एकाच ठिकाणी होती: सभागृहातल्या लोखंडी चुलीपाशी. ती कधी विझू द्यायची नाही, अशी पूर्वजांची शपथ होती. आज तोडलेलं झाड आजच जाळायचं आणि लाकूड पुरावं म्हणून चुलीची हवेची झडप बोटभरच उघडी ठेवायची, हा तिथला शहाणपणा. ओली लाकडं दिवसभर कुढत जळत. ऊब बेताची, धूर मात्र मुबलक, आणि तो सगळा धुराड्यात थिजून बसे.

धुराडं साफ करायचं काम साळिंदराकडे होतं. धूर सोसेल तितकं वरून उतरायचं आणि पाठीवरच्या काट्यांनी काजळी खरवडायची. पूर्वी ती झडून पडे. पुढे तिचा डांबरासारखा थर झाला आणि तो काचेसारखा टणक होत गेला. त्यावर काटे मोडू लागले. बाकीच्या प्राण्यांना त्या काळ्या झिलईचं भारी कौतुक. आलेल्या पाहुण्याला ते ती दिवा धरून दाखवत.

म्हशीएवढं रुंद धुराडं मुठीएवढं उरलं, तेव्हा साळिंदर सभेत उभा राहिला.

"एक दिवस चूल विझू द्या," तो म्हणाला. "गार झाली की मी सगळं फोडून काढतो. नाहीतर हा थरच पेट घेईल."

सशिणीची पिल्लं लहान होती, अस्वलाला खोकला होता, आणि शपथ तर सगळ्यांनाच होती. ज्याचं त्याचं कारण खरंच होतं. शेवटी मुखिया गव्याने तोडगा काढला की झडप आणखी मिटावी, म्हणजे धूर कमी होईल. झडप मिटल्याने थर वाढणार, हे साळिंदराला पक्कं ठाऊक होतं. पण गव्याने त्याच्या निष्ठेची तारीफ करून त्याला चुलीशेजारची जागा बहाल केली. त्याच्या बायकोचे पाय वर्षानुवर्षं गारठलेले होते. तो तिला घेऊन त्या जागेवर जाऊन बसला.

मग चूल पहिल्यांदा पेटवल्याचा स्मरणदिन आला. गव्याने राखून ठेवलेली वाळकी लाकडं घालायला लावली आणि झडप सताड उघडली. धुराड्यात आधी तडतड झाली, मग घरघर घुमू लागली. सभागृह कधी नव्हे इतकं तापलं.

धुराडं पेटलंय, बाहेर चला, असं साळिंदर एकेकाला सांगत सुटला.

"तुंबलंय म्हणत होतास ना?" अस्वल हसलं. "बघ आता कसं ओढतंय."

साळिंदराने बायकोचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"इतक्या वर्षांनी पाय गरम झालेत हो," ती म्हणाली. "जरा बसू द्या की."

तो एकटाच बाहेर धावला. धुराड्याच्या तोंडातून झाडाएवढी ज्वाळा उठली होती आणि छपराच्या कडेने धूर निघत होता. त्याने ओंजळी भरभरून बर्फ फेकलं. ते छपरापर्यंतही पोचेना. त्याला रडू फुटलं.

खिडकीतून आतलं स्वच्छ दिसत होतं. एकेक जण अंगावरची शाल काढून खुंटीला टांगत होता. चुलीजवळ त्याच्या बायकोने पाय लांब केले, त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारची त्याची जागा हाताने झटकून ठेवली.