आंबडदऱ्याचं भरलं पेव

आंबडदऱ्याला पाहुणा आला की त्याला गावाबाहेरच्या टेकाडावर नेतात. तिथे जमिनीत एक पेव आहे. पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि खाली रांजणासारखे पोट. दर मार्गशीर्षात, अमावास्येच्या सकाळी, गावातल्या बाया त्याच्या तोंडावर दगड सरकवून वरून शेणामातीने लिंपतात. लिंपण झाले की पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष विचारतो, "पेव भरलं काय?"

बाया एका सुरात म्हणतात, "भरलं जी, तोंडोतोंड."

पेव रिकामे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, विचारणाऱ्यालाही. पाहुण्यांना हसू येते. गावातले कोणी हसत नाही. मग म्हातारे शिवराम गुरव पाहुण्यांना चिंचेखाली बसवतात आणि धुरपताची हकीगत सांगतात.

धुरपता या पेवाची राखणदार. सासऱ्याकडून नवऱ्याकडे आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे हे काम आले. आतून कडबा लावायचा, लिंपायचे, भरताना प्रत्येक घराची ज्वारी मोजून घ्यायची. सुगीत घरटी एक पायली ज्वारी पेवात पडे. लागोपाठ दोन साल पाऊस आला नाही तरच ते उघडायचे, असा गावाचा नेम होता. त्या बदल्यात धुरपताला बलुते मिळे आणि ओढ्याकाठचा अर्धा बिघा तुकडा कसायला मिळे.

तेव्हा शिवारात ज्वारी होती, तिच्या ओळींत तूर, मूग, अंबाडी. बांधावर बोरी-बाभळी होत्या. गायरान गावाएवढेच मोठे होते, असे सांगतात.

मग सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली म्हणे, आणि इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. दलाल घोड्यावरून गावोगाव फिरू लागले. पहिल्या साली चार घरांनी ज्वारी मोडून कापूस लावला. तिसऱ्या साली गायरान नांगरले. नंतर बांधही नांगरात गेले आणि बाभळी तालुक्याच्या कापूस कारखान्याच्या भट्टीत. टेकाडावर उभे राहिले की चहूकडे पांढरेच दिसे. लोक पाहून हरखत.

धुरपता पायली घेऊन दारोदार गेली.

"यंदा कापूसच लावला व बाई," लोक म्हणाले. "पुढच्या सालाले टाकू."

पुढच्या सालीही तेच. कोणी म्हणाले, "बजारात जवारी भेटते नं. खड्ड्यात कायले सडवा?"

त्या साली पेवातली जुनी ज्वारी लोकांनी वाटून खाल्ली, कारण शेतात पिकली नव्हती आणि कोणाला बाजाराला जायचा कंटाळा होता. पेव झाडून रिकामे झाले. धुरपता उकंडराव पाटलांकडे गेली.

"पाटील, आत काईच नाई. लिंपू कायले?"

पाटील कापसाच्या गाड्या भरून घेत होते. ते म्हणाले, "तू आपलं लिंपून घे. कोणी इचारलं त भरलं म्हणून सांग. लोकाइले धीर राह्यते."

धुरपताने लिंपले. त्या अमावास्येला पाटलांनी चारचौघांत विचारले, "पेव भरलं काय?" आणि ती म्हणाली, "भरलं जी, तोंडोतोंड." जो तो समजला, दुसऱ्या घरांनी ज्वारी टाकली असेल. तसे म्हणताना तिची जीभ जड झाली होती. दुसऱ्या साली तेवढी झाली नाही. तिसऱ्या साली तर ती सहज बोलून गेली, आणि घरी येऊन तिला स्वतःचीच भीती वाटली.

म्हणून तिने आपल्या तुकड्यात ज्वारी पेरायची सोडली नाही. पण अख्ख्या शिवारात कणसे तेवढीच. पाच कोसांतली पाखरे तिच्या अर्ध्या बिघ्यावर उतरत. ती पहाटेपासून गोफण फिरवी, हात सुजेस्तोवर. वाटेने जाणारे म्हणत, "पाखराइसाठीच पेरते ही." सगळे राखून हाती येई पायली-दीड पायली. त्यातले निवडक बी ती राखेत घोळून मडक्यात भरी आणि पेव लिंपण्याआधी तळाशी नेऊन ठेवी. दर साली मृगाआधी गुपचूप जुने काढून पेरी, सुगीनंतर नवे ठेवी. हे तिने कोणाला सांगितले नाही.

पुढे ती दूरची लढाई मिटली आणि कापूस कोणी विचारीना. त्याच्या मागोमाग पाऊस हटला. एक साल गेले, दुसरे गेले. बाजारात ज्वारी येईनाशी झाली, कारण बाजाराला ज्वारी देणाऱ्या गावांनीही कापूसच लावला होता. कडबा नव्हता, तेव्हा बैल आधी मेले.

मग गाव टेकाडावर आले. हातात टोपल्या होत्या.

"पेव उघड," लोक म्हणाले.

धुरपता पाटलांकडे बघत राहिली. पाटील जमिनीकडे बघत होते.

लोकांनीच दगड सरकवला. आतली कोंदट हवा जायला दुपारपर्यंत थांबले. मग धुरपता दोर धरून उतरली आणि मडके काखेत घेऊन वर आली. म्हणाली, "एवढंच हाय. हे बी हाय, खायचं नाई. पाणी पडलं की हेच पेरा लागते."

"बाकीचं कुठं गेलं?" एकाने विचारले.

"बाकीचं तुमी टाकलं काय?"

"मंग भरलं भरलं कायले म्हने तू? इकलं तूनं."

चोर हा शब्द कोणी आधी काढला ते सांगत नाहीत. पाटील एक शब्द बोलले असते तर निभावले असते. ते एवढेच बोलले, "लेकरं उपाशी हायेत. वाटून टाका."

घरटी एक ओंजळ आली. त्या संध्याकाळी गावात चुली पेटल्या आणि गाव एक वेळ जेवले.

धुरपताने आपली ओंजळ घेतली नाही. ती पेवाच्या तोंडाशी बसून राहिली. नवव्या दिवशी पाटलीणबाई पेज घेऊन आल्या, तेव्हा ती म्हणाली, "मी खोटं बोलली, ते तुमच्या घरच्यानं बोलाले लावलं. आता दर सालाले असंच इचारा न असंच सांगा. गावच्या लेकीसुनाइनं सांगावं. नाई सांगितलं त लोकाइले खरं कळन." पेज तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुढल्या मृगात पाणी चांगले पडले. पेरायला घरोघर सरकीच होती, कापसाचे बी. तीच पेरली. आंबडदऱ्याची ज्वारी दाण्याला टपोरी आणि चवीला गोड होती म्हणे, पण ती चाखलेला माणूस उरला नाही.

आजही मार्गशीर्षात पेव लिंपतात. धुरपताला नैवेद्य ज्वारीच्या भाकरीचा लागतो, पोळी चालत नाही. शिवारात कापूस आणि सोयाबीन. भाकरी थापणारी शेवटची म्हातारी तीन वर्षांमागे वारली. आताच्या पाटलांचा नातू मोटरसायकलवर जाऊन हायवेवरच्या ढाब्यातून भाकऱ्या आणतो. नैवेद्य झाला की एकेक तुकडा प्रसाद म्हणून वाटतात. भाकरी तोवर वाळून कडक झालेली असते. बऱ्याच जणी तो तुकडा पदरात घेतात, कपाळाला लावतात आणि घरी जाताना वाटेवरच्या गाईपुढे टाकतात.