राजाच्या नावाचा काढा

एका राज्यात माणसे काट्याने मरत. तलवारीने मरावे, म्हातारपणाने मरावे, ते राहिले बाजूला. बोटात सुई घुसली, टाचेत काटा मोडला, विळीवर कांदा चिरताना करंगळी कापली, की घरचे लोक आधी एकमेकांची तोंडे पाहत आणि मग लाकडांची सोय बघत. ओरखडा चिघळे, पू धरी, ताप चढे आणि धडधाकट माणूस बघता बघता आटोपे. लोक म्हणत, हवा बिघडली. जोशी म्हणत, ग्रह बिघडले. दरबाराच्या मते काहीच बिघडलेले नव्हते, कारण राजा कीर्तिधर ठणठणीत होता. शिकारीत रानडुकराने त्याची मांडी फाडली, तर ती जखमही सूर्यास्तापूर्वी मिटली आणि वणसुद्धा उरला नाही.

कमळजा ही त्या राज्याची राजवैद्या. नवरा लवकर गेलेला, घरात एकच लेक, केतकी. नगराबाहेरच्या औषधींच्या रानातून कमळजा गुळवेल, अडुळसा, कडुनिंबाची साल आणी, खलबत्त्यात कुटून रस काढी, आटवून काढा करी. त्या रानाची एक जुनी रीत होती. औषधी तोडायची ती तिला विचारून तोडायची. आदल्या संध्याकाळी तिच्या मुळाशी अक्षता ठेवायच्या, हात जोडायचे आणि आजाऱ्याचे नाव घेऊन सांगायचे, ‘अमक्यासाठी उद्या तुला न्यायला येते.’ ज्याचे नाव, त्याला गुण.

पण कीर्तिधर गादीवर आला आणि दरबारातून हुकूम सुटला, की रान राजाचे, तेव्हा रानात नाव घ्यायचे तेही राजाचेच. आजारी कुंभार असो की कासार, ‘महाराजांसाठी’ म्हणायचे आणि तोडायचे. राजाच्या रानात भलत्याचे नाव घेणे बरे दिसत नाही, एवढाच याचा अर्थ, असे सगळ्यांना वाटले. कमळजेलाही वाटले. तिने तो शिष्टाचार पाळला, हाताखालच्यांना शिकवला आणि कोणी चुकले तर त्याचे कान उपटले. बरे दिसण्यापायी माणसे काय काय करतील याला सुमार नाही.

मग एके दिवशी केतकीच्या टाचेत बोरीचा काटा मोडला.

कमळजेने काटा काढला, टाच धुतली, हळद भरली आणि स्वतः काढा करून पाजला. केतकी निमूटपणे प्याली. सूज घोट्यावर आली. कमळजेने काढा दाट केला. सूज गुडघ्याला भिडली, अंग तव्यासारखे तापले. कमळजा ताजी वेल आणायला रानात धावली, तेव्हा करंजाच्या फांदीवरून एक भारद्वाज बोलला. त्या रानातले भारद्वाज बोलत असत; माणसांशी बोलण्याजोगे त्यांच्यापाशी सहसा काही नसे, इतकेच.

“कमळजे, लेकीला पाणी का पाजतेस?”

“पाणी नव्हे. गुळवेलीचा रस आहे.”

“तीन कामे सांगतो. पहिले काम, तो रस स्वतः पी. ते झाले की जळक्या डोंगरावर धूम्रकेश मांत्रिकाला जाऊन विचार, रसातला गुण कुठे गेला. तिसरे काम तोच सांगेल आणि तेच तुझ्याने होणार नाही.”

आजाऱ्याचे औषध वैद्याने उष्टे करू नये, असा नेम होता. म्हणून कमळजेने स्वतःचा काढा कधी चाखला नव्हता. घरी येऊन तिने केतकीच्या वाटीतला घोट घेतला. ना कडू, ना तुरट. ओढ्याचे पाणी बरे, त्याला निदान मातीची चव असते.

“केतकी, तुला कळले नाही?”

“कळले होते, आई. सगळ्या नगराला ठाऊक आहे. पण राजवैद्येला कोण सांगणार? तू रागावतेस.”

लेकीला शेजारणीच्या हवाली करून कमळजा जळक्या डोंगरावर चढली. गुहेच्या तोंडाशी धूम्रकेश बसला होता. त्याच्या डोक्यावर केसांच्या जागी धूर होता आणि तो धूर तो फणीने विंचरत होता.

“आमच्या रसातला गुण कुठे गेला?” कमळजेने विचारले.

“राजवाड्याच्या तळघरात. तिथे दगडी रांजण आहे. ज्याचे नाव घेतलेत, त्याच्या घरी गुण गेला. तुमच्या राजाने तरुणपणी माझ्याकडे निरोगी आयुष्य मागितले. मी रांजण बांधून दिला. भरलात तुम्ही.”

“आजपासून मी लेकीचे नाव घेईन.”

“खुशाल घे. रांजण फुटेपर्यंत झाडे दुसरे नाव ऐकायची नाहीत.”

“तो कशाने फुटेल?”

“राजाने स्वतः रानात वाकावे आणि दुसऱ्या कोणाचे नाव तळमळून घ्यावे. नुसते तोंडदेखले चालणार नाही.” धूम्रकेशाने फणीतला धूर झटकला. “मी निर्धास्त आहे, बाई.”

कमळजा तशीच दरबारात गेली. भर सभेत तिने सगळे सांगितले, पदर पसरला आणि म्हणाली, “महाराज, माझ्या केतकीसाठी एकदा रानात चला.”

“केतकी कोण?” राजाने विचारले.

“माझी लेक. आपल्या अंगणात खेळून मोठी झाली.”

“वाईट वाटले, वैद्यबाई. पण राजा जगला तर राज्य जगते.”

“राज्यात कोण उरणार, महाराज?”

राजा दुष्ट नव्हता. त्याला कधी काही दुखलेच नव्हते, त्यामुळे दुसऱ्याचे दुखणे त्याला दूरच्या गावच्या बातमीसारखे वाटे. त्याने हात हलवला आणि पुढचे काम पुकारले गेले.

कमळजा दरबारातून निघाली ती मुदपाकखान्यात गेली. “महाराज कोणाला नावाने हाक मारतात?” तिने आचाऱ्यांना विचारले. ते हसायला लागले. पहारेकऱ्याला ‘अरे’, प्रधानाला ‘प्रधान’, राणीला ‘राणी’. नावाने कोणाला? मग भांडी घासणारी एक बाई म्हणाली, “गोदाक्काला. महाराजांना अंगावर पाजलंय तिनं.”

गोदाक्का मागच्या खोलीत पडून होती. हाताला चिंधी गुंडाळलेली. कमळजेने चिंधी सोडली. विळीने कापल्याची साधी जखम, पण हात कोपरापर्यंत टम्म फुगला होता.

“सांगितले का नाही, अक्का?”

“कशाला? बाळराजांच्या जिवाला घोर नको. म्हातारीचं काय, आज ना उद्या जायचंच.”

कमळजेला आनंद झाला. म्हातारीचा सुजलेला हात पाहून राजवैद्येला आनंद झाला, हे लपवून काय उपयोग? ती धावत राजाकडे गेली आणि एवढेच बोलली, “महाराज, गोदाक्का जाते आहे.”

राजा अनवाणी धावला. त्याने म्हातारीचा हात पाहिला, तिचे कपाळ चाचपले आणि ओरडला, “काढा द्या हिला!”

“देते. पण तो आपल्या नावाचा आहे, महाराज. ते पाणी आहे.”

राजाच्या तोंडचा रंग उडाला. मग तो उठला.

दिवस कलताना कीर्तिधर राजा औषधींच्या रानात गुडघ्यांवर बसला. अक्षता कशा ठेवतात ते त्याला ठाऊक नव्हते. निम्म्या त्याच्याच मांडीवर सांडल्या. “गोदाक्कासाठी,” तो म्हणाला आणि त्याने वेलीच्या मुळाशी कपाळ टेकले. “माझ्या गोदाक्कासाठी. उद्या न्यायला येतो.”

तळघरात रांजण तडकला. कडुनिंबाचा उग्र वास जमिनीतून वर आला आणि घराघरांत शिरला. मिटलेल्या सगळ्या जखमांचे वण राजाच्या अंगावर एकदम उठले. मांडीवरचा तर वीतभर लांब. जळक्या डोंगरावर धूम्रकेशाच्या डोक्यावरचा धूर विझला आणि तो टकला म्हातारा वाट फुटेल तिकडे चालता झाला.

शेजारच्याच वेलीपाशी कमळजेने हात जोडले. एवढ्या वर्षांत लेकीचे नाव तिने रानात पहिल्यांदा घेतले. पहाटे दोन्ही वेली तोडल्या, वेगवेगळ्या कुटल्या, रस काढला. एक वाटी वाड्यात गेली, एक केतकीच्या ओठांना लागली.

केतकीने तोंड वाकडे केले. “आई, कडू आहे.”

“कडूच असते ग, माझे बाई. पी.” कमळजा हसत होती आणि रडत होती.

पण रस काही स्वतः लढत नाही. लढते ते माणसाचे अंग. रस त्याच्या पाठीशी उभा राहतो. केतकीच्या अंगात लढायला बळच उरले नव्हते. जे होते ते पाणी पिण्यात गेले होते, आईच्या हातून आणि आईच्या धाकाने. दुपारी ती गेली. त्याच दुपारी गोदाक्काच्या हाताची सूज उतरू लागली. म्हातारी चिवट होती, आणि तिचा रस वेळेवर आला होता.

मग सगळे सुरळीत झाले. राजाने हुकूम मागे घेतला. संध्याकाळी लोक आपापल्या माणसांची नावे घेऊन रानात जाऊ लागले. काटा मोडला तर आता दोन दिवस ठणके, एवढेच. राजाच्या मांडीचा वण फुटून वाहू लागला, तेव्हा तोही कमळजेच्या ओट्यावर रांगेत बसला. त्याची पाळी आली तसे तिने त्याचे नाव विचारले, रानात घेतले आणि काढा दिला. राजा तोंड वाकडे न करता प्याला. त्याने जहागीर देऊ केली. तिने ती घेतली नाही, आणि नाही असे म्हणण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

एका सकाळी गोदाक्का तिच्या दारात आली. खलबत्त्याजवळ बसली आणि म्हणाली, “दे इकडे. मी कुटते.”

“अक्का, तुम्ही जगलात याचा मला राग येतो.”

“येणारच, बाई. यायलाच हवा.”

“रोज येईल.”

“येऊ दे रोज. मीही रोज येईन.”

कमळजेने बत्ता तिच्यापुढे टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. म्हातारीने बऱ्या झालेल्या हाताने वेल कुटायला घेतली. ओट्यावर माणसे खोळंबली होती.

राज्याचे भले झाले तसे ऐकणाऱ्यांचे होवो. कमळजेचे झाले तसे कोणाचे न होवो.