‘नंतर’चं बटण

“भंतेजी, मी काढून टाकलं. मुळापासून काढलं. तरी ते जात काहून नाही?”

सुबोध नागदेवेने लॅपटॉप चटईवर ठेवला, तो जरा आपटूनच. वंदन राहून गेल्याचं लक्षात आलं, तेव्हा त्याने घाईघाईने हात जोडले.

पवनीजवळच्या त्या लहानशा विहाराच्या ओसरीत भंते विनयशील जुन्या पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी खळीने चिकटवत बसले होते. भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका कार्यालयात संगणक सांभाळले होते. त्यामुळे लोक त्यांच्याकडे दुःखं घेऊन येत, तसे अडलेले लॅपटॉपही घेऊन येत. पुष्कळदा दोन्ही एकाच पिशवीत असत.

“काय काढलं?”

“हर्षदीपचा प्रोग्राम.”

“कोण हर्षदीप?”

“होता एक मित्र...”

मग सुबोधने सगळं सांगितलं. नागपुरात दोघांनी मिळून संगणकाचा क्लास काढला होता. हर्षदीपने सुबोधच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम बसवून दिला होता. सकाळी झाकण उघडलं की तो दिवसाचं वेळापत्रक दाखवायचा आणि वर एक ओळ यायची, ‘सुबोध, चहा झाला का?’

आठ महिन्यांपूर्वी हर्षदीप एका शब्दानेही न सांगता निघून गेला. पुढच्याच चौकात त्याने स्वतःचा क्लास उघडला. निम्मी मुलं त्याच्यामागे गेली.

त्याच दिवशी सुबोधने तो प्रोग्राम अनइन्स्टॉल केला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर वेळापत्रक गेलं होतं. ओळ तेवढी होती.

“रोज येते, भंतेजी. ती दिसली की डोकं फिरते. मग दिवसभर हात चालत नाही. एका शाळेनं नवा प्रोग्राम मागितला आहे. सोमवारी पहिला भाग दाखवायचा आहे, आणि तीन महिन्यांत माझी एक ओळ लिहून झाली नाही. हे काम गेलं तर क्लासला कुलूप लागते.”

तो खरोखर घाबरलेला होता.

“तू स्वतः शिकवतोस ना संगणक?”

“बारा वर्षं झाली.” सुबोध लगेच ताठ बसला. “म्हणूनच सांगतो, माझ्याकडून काही सुटलं नाही. फाईली शोधून शोधून पुसल्या. नोंदी पुसल्या. साफसफाईचे तीन प्रोग्राम आणून बसवले.”

“एकाला हाकलायला तिघांना घरात घेतलं.”

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून त्या तिघांपैकी एकाने डोकं वर काढलं. भंतेंनी मोठ्याने वाचलं, “‘तुमच्या संगणकाला साफसफाईची गरज आहे.’” आणि ते मनापासून हसले.

“फोल्डर दाखव.”

फोल्डरचं नाव होतं, ‘हर्षदीप’. सुबोधने ते पुसायला घेतलं. लगेच सूचना आली: हे फोल्डर वापरात आहे, पुसता येत नाही.

“कोण वापरून राहिलं?”

“तेच तर सापडत नाही ना!”

भंतेंनी एका पाठीवरून खळीचं बोट फिरवलं.

“तू प्रोग्राम काढला, तेव्हा शेवटी त्यानं काही विचारलं असेल.”

“विचारलं होतं...” सुबोधचा आवाज उतरला. “काम पूर्ण व्हायला संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल. आत्ता, की नंतर?”

“मग?”

“नंतर.”

“आणि त्या तिघांनी?”

“त्यांनीही तेच विचारलं.”

“मग?”

“...नंतर.”

“आठ महिन्यांत हा बंद केव्हा केला?”

“रोज झाकण लावतो की.”

“झाकण लावलं की हा नुसता झोपतो. बंद होत नाही.”

“हो.”

“मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवतोस?”

सुबोधचे कान लाल झाले. “काही अडलं तर... आधी बंद करून पुन्हा सुरू करा.”

“मग तू काहून नाही केलं?”

सुबोध चटईची एक काडी उपसत बसला. भंतेंना घाई नव्हती. त्यांच्यापुढे अजून सात पुस्तकं होती.

“एक फाईल उघडी आहे,” सुबोध शेवटी म्हणाला. “अपुरी आहे.”

भंतेंनी पडद्याच्या खालच्या पट्टीकडे बोट केलं. सुबोधने ती फाईल वर आणली. नाव होतं, ‘उत्तर’. पान एकेचाळीस.

हर्षदीप समोर आला तर त्याला काय काय सुनवायचं, ते सगळं त्यात होतं. रोज सकाळी ती चहाची ओळ आली की सुबोध त्यात भर घालायचा.

“ठेवली कुठे आहेस?”

“त्याच्याच फोल्डरात. म्हटलं, त्याचं त्याच्यापाशी राहू दे.”

“केव्हा संपेल?”

“मनासारखं लिहून झालं की.”

“मग लिही. मी थांबतो.”

भंतेंनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला आणि पुढचं पुस्तक उचललं.

सुबोधने बोटं कळांवर ठेवली. काही सुचेना. तो मागे गेला, तिसरं पान वाचलं. मग तिसावं वाचलं. दोन्हीकडे तेच होतं, शब्दसुद्धा तेच.

“लिहून झालं आहे, भंतेजी,” तो हळूच म्हणाला. “केव्हाचंच झालं आहे.”

त्याने फाईल बंद केली. बदल जतन करायचे का, असं विचारलं गेलं. त्याने ‘नाही’ दाबलं. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच झाकण उघडं असताना आतल्या पंख्याची घरघर थांबली. ती इतके दिवस चालू होती, हे त्याला आत्ता कळलं.

पडदा उजळला. सुबोध श्वास रोखून पाहत राहिला.

ओळ आली नाही.

त्याने ‘हर्षदीप’ पुसलं. कोणी अडवलं नाही. मग त्या तिघांनाही एकेक करून काढलं. आत्ता की नंतर, असं विचारल्यावर भंतेंकडे न पाहताच त्याने ‘आत्ता’ दाबलं.

“गेलं!” तो हसत सुटला. त्याचे डोळे भरून आले होते. “सुटलो, भंतेजी. खरंच सुटलो. आता रविवारपर्यंत काम होते.”

खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो भिंतीला टेकला. नजर मात्र पडद्याच्या वरच्या भागावर होती, जिथे ती ओळ यायची.

भंतेंनी शेवटचं पुस्तक ढिगावर ठेवलं, बोटाची खळ पुसली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“सुबोध, चहा झाला का?”